कोपऱ्यातील खिडकी

घराचा कोपरा भार पेलण्यासाठी. तेथे खिडकी ठेवू नये, हा गवंड्यांचा जुना दंडक दगडविटांच्या भिंतींपुरता योग्यच होता. पोलाद व काँक्रीट आल्यावर खांब कोपऱ्यापासून आत सरकवता येऊ लागला. जर्मनीत आल्फेल्ड येथील फागुस कारखान्याचे कोपरे ग्रोपियस व मायर यांनी १९११ नंतर काचेचे केले. राहत्या घरात मात्र या युक्तीला निराळाच अर्थ आला.

हॉलंडातील उट्रेख्ट येथे १९२४ साली त्रूस श्रोडर या विधवा बाईंनी स्वतःसाठी व तीन मुलांसाठी रीटफेल्ड यांच्याकडून घर बांधविले. रीटफेल्ड मूळचे सुतार. मुलांनी मोठ्यांच्या संभाषणात वावरावे म्हणून वरच्या मजल्यावर बाईंना कायमच्या भिंती नको होत्या; सरकते पडदे पुरेसे होते. जेवणाच्या मेजाजवळच्या कोपऱ्यातील दोन्ही खिडक्या उघडल्या की मध्ये खांब उरत नसे, आणि खोली बाहेरच्या मोकळ्या रानात मिसळून जाई. या घराचे श्रेय एकट्या रीटफेल्डांना देण्याची रीत मला अन्यायाची वाटते; असे राहण्याची मागणी बाईंची होती.

पुढे घरासमोरूनच मोठा हमरस्ता गेला व तो देखावा हरपला. बाई मात्र १९८५ साली निधन पावेपर्यंत तेथेच राहिल्या.