सुगरण : पिसारा आणि वीण

मावळातील भातखाचरांकाठी वसाहतीने घरटी विणणारा, चिमणीएवढा पक्षी. लांबी सु. १५ सेंमी. एरवी नर-मादी दोघेही मातकट, रेघाळ. पावसाळी विणीच्या हंगामात मात्र नराचा माथा व छाती पिवळीधमक होते, तोंडावर गडद मुखवटा चढतो. पिवळी कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये पक्ष्याला अन्नातूनच मिळवावी लागतात. मुखवट्याचे मेलॅनिन शरीरातच बनते. भडक रंग मादीच्या नजरेत भरतो तसा शिकऱ्यासारख्या शिकारी पक्ष्याच्याही. नराची ही जोखीम हंगामापुरतीच. अंडी उबवणारी मादी मातकटच राहते. निसर्गातली तडजोड इतकी उघड क्वचितच दिसते. पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी किहीम येथे नराचे बहुपत्नीकत्व नोंदवले : अर्धवट घरटे मादीने पसंत केले, की नर ते पुरे करतो आणि दुसरे विणायला घेतो.