विकतचे इमान

गुरांच्या बाजारात गाय घ्यावयास गेलेला आपल्याकडील शेतकरी दहा प्रश्न विचारल्यावाचून दावे हाती घेत नाही. कितव्या वेताची, आईला दूध किती होते, दात किती, खोड काय, हे सारे झाले की मगच रुमालाखाली बोटांचा सौदा होतो. तोच गृहस्थ मुलांच्या हट्टाखातर नागपूरहून कुत्र्याचे पिल्लू विकत आणतो, तेव्हा रंग आणि किंमत यांपलीकडे काही विचारीत नाही. या विसंगतीचे कारण आम्हांस इतिहासात दिसते. गाय आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या विकत घेतली गेली. कुत्रा कधी घेतलाच गेला नाही. म्हणून तो पारखण्याची रीतही आपणांपाशी नाही.

खंडोबाच्या पायाशी कुत्रा आहे, दत्तात्रेयांभोवती चार आहेत, आणि कोरडी भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा तर आपण आजीच्या मांडीवर ऐकली. या कोठेही खरेदी नाही. पांढुर्णा-सौंसरच्या शिवारातील राखणीचे कुत्रेही असेच येत. गोटमारीच्या दिवशी भाद्रपद लागतो. गावठी कुत्र्या त्याच सुमारास माजावर येतात आणि दोन महिन्यांनी, थंडीच्या तोंडावर, कडब्याच्या गंजीआड वितात. गावठी कुत्री बहुधा वर्षातून एकदाच विते. पिल्ले डोळे उघडून हिंडू-फिरू लागली, आईने अंगावरून तोडली, की शेजारी येऊन एखादे उचलून नेई. त्याने आई पाहिलेली असे. ती चावरी की शहाणी, हे साऱ्या आळीला ठाऊक असे.

संस्थानिकांच्या घरीही कुत्रा हा नजराण्याचा विषय होता. मुधोळचे श्रीमंत मालोजीराव घोरपडे यांनी आपल्या मुलखातील सडपातळ शिकारी कुत्र्यांची जोपासना केली आणि एक जोडी पंचम जॉर्ज बादशहास भेट दिली. तेव्हापासून ती जात मुधोळ हाऊंड म्हणून ओळखली जाऊ लागली. (हा प्रसंग पुष्कळ ठिकाणी १९३७ चा म्हणून छापला जातो. बादशहा जानेवारी १९३६ मध्येच निवर्तले होते, हे छापणारे पाहत नाहीत.) रायगडावरील वाघ्याची समाधी १९३६ ची. समकालीन साधनांत वाघ्याचा उल्लेख सापडत नाही. त्याला घरोघरी पोचविले ते गडकऱ्यांच्या 'राजसंन्यास'ने. ते नाटक अपुरे ठेवून गडकरी १९१९ साली गेले ते आपल्या शेजारच्या सावनेरास. दंतकथा असो की इतिहास, आपल्या कल्पनेतील इमानी कुत्रा पैशाने आलेला नाही, एवढे त्यातून निश्चित दिसते.

कुत्र्याचा बाजार ही अलीकडची आणि परकी गोष्ट होय. इंग्लंडात १८५९ साली न्यूकॅसल येथे श्वानप्रदर्शन भरले, १८७३ मध्ये केनेल क्लब निघाला, आणि कुत्र्याचे मोल त्याच्या कामावरून न ठरता कागदावरील वंशावळीवरून ठरू लागले. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील शेतकऱ्यांनी जोडधंदा म्हणून कोंबड्यांच्या खुराड्यांतून कुत्र्या ठेवावयास आरंभ केला. अशा जागांना तेथे 'पपी मिल', म्हणजे पिल्लांची गिरणी, हे नाव पडले.

ती गिरणी आपल्याकडेही आली. २००३ साली हच कंपनीच्या दूरध्वनीच्या जाहिरातीत एका मुलामागे चालणारा चपट्या नाकाचा पग दिसला आणि शहरोशहरी त्याची मागणी उसळली. कुत्र्याला घाम जवळजवळ येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो. ज्याचे नाकच दाबून टाकले आहे, त्याने विदर्भालगतच्या मे महिन्यात कोणत्या वाटेने धापा टाकाव्या? मागणी करणाऱ्याने हा विचार केला नाही, आणि पुरवठा करणाऱ्याला तो परवडणारा नव्हता.

या पुरवठ्याची रीत सांगितलीच पाहिजे. पाळीव जातींच्या कुत्र्या बहुधा वर्षातून दोनदा माजावर येतात. गिरणीत दोन्ही माज वसूल केले जातात. मादी पिंजऱ्यातच जन्म काढते. ती थकली की तिचा हिशेब संपतो. पिल्लू लहान तेवढे गोजिरवाणे दिसते, म्हणून चार-पाच आठवड्यांचे होताच ते आईपासून ओढले जाते. पार्व्होसारखा रोग अंगात शिरल्यापासून दिसू लागेपर्यंत काही दिवस जातात. तेवढ्यात विक्री होऊन जाते. रक्ताचे जुलाब होतात ते घेणाऱ्याच्या घरी, आणि दोष दिला जातो दुधाला किंवा हवेला.

कायदा उशिरा आला. विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात या व्यापाराचे नियमन सुचविले. २०१६ मध्ये व्यापारी पैदाशीसाठी परदेशी कुत्री आणण्यास बंदी झाली. २०१७ साली केंद्राने श्वानपैदास व विक्रीचे नियम केले. पैदास करणाऱ्याने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी. अठरा महिन्यांच्या आत मादी फळवू नये. बारा महिन्यांत एकच वेत, जन्मात पाचांहून अधिक नाहीत. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकू नये. आमचा भाद्रपद वेगळे काय सांगत होता? परंतु ज्या १९६० च्या कायद्याखाली हे नियम झाले, त्यात पहिल्या गुन्ह्यास दंड लिहिला तो दहा ते पन्नास रुपये. एका पिल्लाच्या किमतीपुढे या दंडाची मातब्बरी ती काय! इंग्लंडने २०२० साली अधिक नेमका उपाय योजला. वेल्समधील एका गिरणीतून सुटलेल्या लूसी नामक कुत्रीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या कायद्याने दुकानदाराला व दलालाला सहा महिन्यांखालील पिल्ले विकण्यास बंदी केली. पिल्लू घ्यावयाचे तर पैदास करणाऱ्याच्याच दारी जावे आणि त्याने ते आईसह दाखवावे.

१९५६ साली राज्याची सीमा बदलली तरी आपला बाजार नागपूरचाच राहिला, आणि पिल्लेही बहुधा तेथूनच येतात. तेव्हा विक्रेत्याला गायीचेच प्रश्न विचारावे: आई कोठे आहे, हे कितवे वेत, याआधीचे केव्हा झाले, नोंदणीचा कागद कोठे, लस कोणी टोचली? आई गावाकडे आहे, असे उत्तर आले तर रिकाम्या हाताने गाडीत बसावे. घरी पोचेपर्यंत कार्तिक लागलेला असेल, तर कोणाच्या तरी गोठ्यामागे एखादी कुत्री आपली पिल्ले चाटीत बसलेली असेलच.