स्थानिक संस्था व विधिमंडळ : पुण्यातील परंपरा

नगरपालिका, जिल्हा बोर्ड, जिल्हा परिषद यांसारख्या स्थानिक संस्थांनी आपल्या क्षेत्रातील गरजा व त्यांसाठी आवश्यक असलेले कायदे यांविषयी प्रांतिक व मध्यवर्ती विधिमंडळांपुढे मत मांडण्याची पुण्यातील परंपरा. अमेरिकेत परगण्यांची मंडळे संघटितपणे आपल्या विधिविषयक मागण्या ठरवितात व त्यांबाबत राज्याच्या आणि संघराज्याच्या प्रतिनिधींशी विचारविनिमय करतात. त्यांची राष्ट्रीय संघटना १९३५ मध्ये स्थापन झाली. पुण्यात या संबंधाचे स्वरूप काळानुसार पालटत गेले. प्रथम अर्जविनंत्या, नंतर अप्रत्यक्ष निवडणूक व अखेरीस घटनात्मक समित्या अशा क्रमाने तो विकसित झाला.

पुणे नगरपालिका १८५७ मध्ये अस्तित्वात आली. तथापि तीवर दीर्घकाळ सरकारी अधिकाऱ्यांचे वर्चस्व होते. त्यामुळे लोकमत सरकारपुढे मांडण्याचे कार्य प्रारंभी पुणे सार्वजनिक सभेने केले. गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका (१८२८–८०) यांच्या पुढाकाराने २ एप्रिल १८७० रोजी ही सभा स्थापन झाली. सभासद होण्यासाठी किमान पन्नास व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणण्याची अट तिने घातली होती. इतर कोणाच्या तरी वतीने बोलण्याचा अधिकार संमतीतूनच येतो, हे तत्त्व या अटीमागे होते. महादेव गोविंद रानडे (१८४२–१९०१) यांच्या मार्गदर्शनाखाली सभेने शेतकऱ्यांची स्थिती, दुष्काळ व जमीनमहसूल यांविषयी माहिती जमवून सरकारकडे निवेदने पाठविली. मात्र या निवेदनांचा विचार करण्याचे बंधन सरकारवर नव्हते.

लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर मुंबई इलाख्यात १८८४ चे अधिनियम होऊन नगरपालिका व स्थानिक बोर्डे यांत लोकनियुक्त सभासदांचे प्रमाण वाढले. पुढे १८९२ च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टने स्थानिक संस्था व विधिमंडळ यांत प्रथमच औपचारिक दुवा निर्माण झाला. मुंबईच्या कायदे कौन्सिलात काही जागांसाठी नावे सुचविण्याचा अधिकार नगरपालिकांच्या व स्थानिक बोर्डांच्या गटांना मिळाला. कायद्याच्या भाषेत ही केवळ शिफारस होती व नेमणूक गव्हर्नर करीत असे. व्यवहारात मात्र ती निवडणूकच ठरली. मध्य विभागातील स्थानिक संस्थांच्या मतदारगटांतून बाळ गंगाधर टिळक (१८५६–१९२०) १८९५ मध्ये आणि गोपाळ कृष्ण गोखले (१८६६–१९१५) १८९९ मध्ये कौन्सिलात गेले. सभासदांना प्रश्न विचारता येत व अर्थसंकल्पावर बोलता येई, परंतु त्यावर मतदान करता येत नसे.

गोखले यांच्या कार्यात हे दोन्ही स्तर एकत्र आले. जिल्हा नगरपालिकांविषयीच्या १९०१ च्या विधेयकावरील चर्चेत त्यांनी भाग घेतला आणि त्याच वर्षी जमीनमहसूल संहितेच्या दुरुस्तीस विरोध केला. मुंबई कौन्सिलातील बिनसरकारी सभासदांनी त्यांना मध्यवर्ती कौन्सिलवर पाठविले व १९०२ पासून ते तेथे अर्थसंकल्पावर भाषणे करू लागले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे अध्यक्षही होते. विकेंद्रीकरणाविषयीच्या शाही आयोगापुढे १९०८ मध्ये साक्ष देताना त्यांनी तळाशी ग्रामपंचायती, मध्ये जिल्हाधिकाऱ्यास सल्ला देणारी जिल्हा मंडळे व वर सुधारलेली कायदे कौन्सिले अशी रचना सुचविली. त्यांच्या १९११ च्या प्राथमिक शिक्षण विधेयकानुसार सक्तीचे शिक्षण सुरू करण्याचा अधिकार सरकारच्या पूर्वसंमतीने स्थानिक संस्थांना मिळणार होता आणि खर्चाचा एकतृतीयांश भार त्यांनी उचलावयाचा होता. हे विधेयक १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ मध्ये मुंबई इलाख्यात तशा स्वरूपाचा कायदा झाला. त्याच्या अंमलबजावणीत मुलींचा समावेश असावा की नाही, यावरून १९२० मध्ये पुण्यात तीव्र वाद झाला. विधिमंडळाने अधिकार दिला, तरी तो कसा वापरावयाचा हे शहरालाच ठरवावे लागते, याचा हा बोलका दाखला होय.

१९१९ च्या सुधारणांनी प्रांतिक कौन्सिलांसाठी प्रत्यक्ष निवडणुका आल्या आणि मतदारगट म्हणून स्थानिक संस्थांचे महत्त्व ओसरले. स्वातंत्र्योत्तर काळात १५ फेब्रुवारी १९५० रोजी पुणे महानगरपालिका स्थापन झाली. संविधानाच्या १७१ व्या अनुच्छेदाने विधान परिषदेतील सुमारे एकतृतीयांश जागा स्थानिक संस्थांच्या मतदारसंघांना दिल्या. महाराष्ट्रात अशा २२ जागा असून त्यांपैकी एक पुण्याची आहे. अशा रीतीने १८९२ चे तत्त्व नव्या रूपात पुन्हा आले. दुसरीकडे, १ मे १९६२ पासून कार्यान्वित झालेल्या जिल्हा परिषदांत आमदार व खासदार यांना सभासदत्व देण्यात आले नाही. स्थानिक नेतृत्व स्वतंत्रपणे वाढावे, हा त्यामागील हेतू होता.

महापालिकेस कायद्यात बदल हवा असल्यास मुख्य सभेचा ठराव राज्य शासनाकडे पाठवावा लागतो. तो स्वीकारण्याचे बंधन शासनावर नाही. उलट दिशेने येणारा प्रभाव अधिक बलवान ठरला आहे. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानात (२००५) पुण्याचा समावेश होता. केंद्रीय निधीसाठी राज्यांनी आपले कायदे बदलावेत, अशी अट त्यात होती. महाराष्ट्राने २००७ मध्ये नागरी जमीन कमाल धारणा कायदा रद्द केला. पुण्यातील जकात २०१३ मध्ये बंद होऊन तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाल्यावर महापालिकांना राज्याकडून भरपाई मिळू लागली. उत्पन्नाचा मुख्य आधार याप्रमाणे शहराच्या हातून विधिमंडळाच्या हाती गेला.

१९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समितीची तरतूद केली. तिचे किमान चारपंचमांश सभासद जिल्ह्यातील ग्रामीण व नागरी संस्थांच्या निर्वाचित सदस्यांमधून निवडले जावेत, असा दंडक आहे. महाराष्ट्रात पालकमंत्री समितीचे अध्यक्ष असतात व बैठकांस आमदार-खासदारही उपस्थित राहतात. तीनही स्तरांचे प्रतिनिधी एकत्र येण्याचे हे प्रमुख अधिकृत स्थान होय. मात्र तेथे चर्चा मुख्यतः निधीच्या वाटपाची होते, कायद्यांची क्वचितच.

या साऱ्या व्यवस्थेचा पाया स्थानिक निवडणूक हा आहे. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, कारभार प्रशासकाकडे गेला आणि पुढील निवडणूक दीर्घकाळ लांबली. अशा काळात मुख्य सभेत ठराव करणारे नगरसेवक नसतात, नियोजन समितीवर शहराचे निर्वाचित सभासद नसतात आणि विधान परिषदेच्या स्थानिक मतदारसंघास पुरेसे मतदारही उरत नाहीत. सार्वजनिक सभेने १८७० मध्ये मुखत्यारपत्राची अट घालून जे तत्त्व मान्य केले होते, त्याची कसोटी यामुळे विधिमंडळाच्या सभागृहापेक्षा स्थानिक संस्थेच्या वेळेवर होणाऱ्या निवडणुकीत अधिक लागते.