उन्हाळीची गोळी

आमच्या अहमदपूरकडं लघवीला जळजळ सुरू झाली की बाया म्हणतात, "उन्हाळी लागली." शब्दातच निदान आहे: ऊन बाधलं, अंगात उष्णता वाढली. उपायही त्याच हिशेबाचा. धन्या-जिऱ्याचं पाणी, भिजवलेला सब्जा, ताक. त्यानं भागलं नाही तर मेडिकलवरून 'उन्हाळीची गोळी'. चिठ्ठी लागत नाही. कात्रीनं कापलेल्या चार गोळ्या मिळतात. दोन घेतल्यावर बरं वाटलं की उरलेल्या दोन डब्यात. पुढच्या वेळेला होतील, नाहीतर जावेला.

त्या चार गोळ्यांच्या मागं ऐंशी वर्षांचा इतिहास आहे. त्यात ऑक्सफर्ड आहे, तसं पिंपरी, दिल्ली आणि मुंबईही आहे.

आधी उन्हाळीबद्दल. बहुतेक वेळा ती लावतो ई. कोलाय नावाचा जिवाणू. एरवी तो आपल्या आतड्यात मुकाट राहतो. बायकांचा मूत्रमार्ग आखूड असल्यामुळं त्याला मूत्राशयापर्यंत पोचणं सोपं जातं. पाणी कमी प्यायलं, लघवी तासन्‌तास दाबून धरली, की त्याला वाढायला सवड मिळते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा उन्हाळ्यात शेतात राबणारी बाई पाणी बेतानं पिते, आडोसा नसतो म्हणून अंधार पडेपर्यंत थांबते. म्हणजे जुना शब्द अगदीच चुकीचा नाही. ऊन आजार देत नाही, पण आजाराला दार उघडून देतं.

आता १९४०. ऑक्सफर्डमध्ये पेनिसिलिनवर काम चालू होतं. ते औषध म्हणून पहिल्या रुग्णाला टोचलं गेलं फेब्रुवारी १९४१ मध्ये. त्याच्या दोन महिने आधीच, डिसेंबर १९४० मध्ये, एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी 'नेचर'मध्ये एक छोटं टिपण छापलं: पेनिसिलिन मोडून टाकणारं एक एन्झाइम त्यांना जिवाणूंमध्ये सापडलं होतं. ते ज्या जिवाणूतून काढलं, तो आपला हाच ई. कोलाय. औषध बाजारात यायच्या आधीच त्यावरचा तोडगा निसर्गात तयार होता.

भारतात पेनिसिलिन आलं ते स्वातंत्र्याच्या उमेदीबरोबर. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची तिला मदत होती. १९५५ मध्ये तिथं पेनिसिलिन तयार होऊ लागलं. जीव वाचवणाऱ्या औषधासाठी परदेशाकडं हात पसरायचा नाही, ही त्यामागची जिद्द होती, आणि ती खोटी नव्हती. पुढं खासगी कंपन्यांनी औषधं आणखी स्वस्त केली. गोळी तालुक्याच्या गावापर्यंत पोचली. कोणती गोळी लागू पडेल हे सांगणारी प्रयोगशाळा मात्र तिच्या मागोमाग आली नाही.

लघवीच्या संसर्गावर १९६० च्या दशकात नॅलिडिक्सिक अ‍ॅसिड आलं. ते सापडलं मलेरियाचं क्लोरोक्विन बनवताना निघालेल्या एका उपपदार्थातून. त्याच घराण्यातून पुढं नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन आली. पण गोळी काही फक्त मूत्राशयात जात नाही. ती आतड्यातल्या कोट्यवधी जिवाणूंवरही पडते. कच्चे मरतात, चिवट उरतात आणि मोकळ्या जागेत वाढतात. पुढची उन्हाळी या उरलेल्यांमधून येते. म्हणून डब्यातली गोळी दुसऱ्या वेळेला चालेलच असं नाही.

शिवाय हा चिवटपणा ते एकमेकांना देतात. प्लाझ्मिड नावाचं डीएनएचं छोटं कडं एका जिवाणूतून दुसऱ्यात जातं, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूतही. आपण फोनवरून फाइल पुढं पाठवतो तसंच. पाठवणाऱ्याकडची प्रतही शाबूत राहते.

जानेवारी २००८ मध्ये स्वीडनमध्ये मूळ भारतीय वंशाच्या एका रुग्णाची लघवी तपासली गेली. तो काही दिवसांपूर्वी दिल्लीत रुग्णालयात दाखल होता. त्या लघवीत वाढलेला क्लेब्सिएला जिवाणू कार्बापेनेमलाही जुमानत नव्हता. कार्बापेनेम म्हणजे बाकी काही चालेना तेव्हा शिरेतून द्यायची इंजेक्शनं. त्या जिवाणूकडच्या नव्या एन्झाइमला नाव मिळालं एनडीएम-१, त्यातलं 'एनडी' म्हणजे न्यू दिल्ली.

ऑगस्ट २०१० मध्ये 'लॅन्सेट'च्या संसर्गरोगांवरच्या नियतकालिकात यावर मोठा अभ्यास आला आणि देशात गदारोळ उठला. आपल्या राजधानीची बदनामी, वैद्यकीय पर्यटन बुडवण्याचा डाव, असे आरोप झाले. नावाबद्दलचा राग समजण्यासारखा होता. पण त्या गोंगाटात एक गोष्ट झाकली गेली. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. कॅमिला रॉड्रिग्ज आणि सहकाऱ्यांनी भारतीय डॉक्टरांच्याच नियतकालिकात हेच सांगितलं होतं. कार्बापेनेमला दाद न देणारे २४ नमुने त्यांनी तपासले; त्यातल्या २२ मध्ये एनडीएम-१ होतं. घरच्या माणसांनी आधीच सांगितलेलं, पण आपण चिडलो बाहेरून आवाज आला तेव्हा.

१ मार्च २०१४ पासून औषध कायद्यात 'एच-१' अनुसूची लागू झाली. ४६ औषधं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, विक्रीची नोंद तीन वर्षं ठेवायची. नियम योग्यच आहे. पण दोष नेहमी गोळी घेणाऱ्यावर येऊन थांबतो. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीही १९४५ च्या नोबेल व्याख्यानात दुकानातून पेनिसिलिन आणून अपुरा डोस घेणाऱ्या अडाणी माणसाचा इशारा दिला होता. आपल्याकडच्या बाईचा हिशेब मात्र अडाणी नाही. सरकारी मेडिकल कॉलेज लातूरला आणि नांदेडला. दोन्हीकडं जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडणार आणि वर एसटीचं भाडं. चार गोळ्या त्याहून स्वस्त पडतात.

लघवीचं कल्चर ही काही चंद्रावर जायची गोष्ट नाही. थाळीत नमुना पसरायचा, रात्रभर उबेत ठेवायचा. वाढलेल्या जिवाणूंवर वेगवेगळ्या औषधांच्या कागदी चकत्या ठेवायच्या. ज्या चकतीभोवती पुरेसं मोठं मोकळं वर्तुळ पडतं, ते औषध चालतं. दोन-तीन दिवसांत उत्तर मिळतं. कधीकधी ते सुखद असतं. १९५३ सालचं नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयाच्या साध्या संसर्गावर आजही बऱ्याचदा लागू पडतं, आणि ते तोंडानं घ्यायचं असतं. म्हणजे इंजेक्शन टळतं, रुग्णालयातली खाट टळते.

स्वीडनमधल्या त्या रुग्णाचा जिवाणू जगाला कळला, कारण कुणीतरी त्याची लघवी थाळीत पसरली. अहमदपूरच्या शिवारातली बाई दर उन्हाळ्यात तोच त्रास काढते, आणि तिच्या जिवाणूची नोंद कुठंच होत नाही. पिंपरीत आपण औषधाचा कारखाना उभारला त्याला सत्तर वर्षं झाली. त्या मानानं तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एक उबवणी-पेटी, थाळ्या आणि चकत्या वाचणारा एक माणूस, एवढं मागणं फार नाही.