तेल मापावें कीं तोलावें ?

माझ्या लहानपणीं आमच्या दापोडींत घडलेली एक लहानशी गोष्ट प्रथम सांगतों. आजीनें मला लिटरभर गोडें तेल आणावयास धाडलें. दुकानदारानें माप कांठोकांठ भरून बरणींत ओतलें. घरीं आल्यावर आजीनें तें तोललें, तों किलोला जवळजवळ शंभर ग्रॅम कमी ! लिटर म्हणजे किलोच, अशी तिची समजूत. तिनें चारचौघांत त्या गृहस्थाला लबाड ठरविलें आणि पुन्हां त्याची पायरी चढली नाहीं. पुढें शिक्षक होऊन मी मुलांना विशिष्ट गुरुत्व शिकवूं लागलों, तेव्हां कळून चुकलें कीं, तो मनुष्य निर्दोष होता.

आजीला तरी दोष कसा द्यावा ? तिच्या पिढीचा हिशेब शेरावर चाले, आणि शेर हा शब्द आपल्याकडे वजनालाही होता व मापालाही होता. वजनी शेराचे पावशेर, नवटाक असे भाग पडत. मापी शेराचे मापटें, चिपटें असे. त्यांतही गांवोगांवचे शेर निराळे. कंपनी सरकारनें १८३३ सालीं १८० ग्रेनांचा तोळा, ८० तोळ्यांचा शेर व ४० शेरांचा मण ठरविला. मुंबई इलाख्यानें १९३२ सालीं वजनमापांचा कायदा केला. तरी बाजारची जुनी वहिवाट एकदम सुटली नाहीं. अखेर १९५८ च्या ऑक्टोबरपासून मेट्रिक वजनें येऊं लागलीं आणि १९६२ च्या एप्रिलपासून सक्तीचीं झालीं.

एका शेराच्या जागीं किलो आणि लिटर असे दोन शब्द आले. घोटाळा मिटावयास हवा होता. परंतु पाण्याचा लिटर एक किलो भरतो, हें शाळेंतलें वाक्य लोकांनीं तेलालाही लावलें. तेल पाण्यावर तरंगतें, म्हणजेच तें पाण्याहून हलकें. सोयाबीन तेलाचा लिटर ३० अंश उष्णतेला सुमारें ९१३ ग्रॅम भरतो. म्हणून लिटरांचे किलो करावयाचे तर ०.९१ नें गुणावें. किलोंचे लिटर करावयाचे तर त्यानेंच भागावें. १५ लिटरांच्या डब्यांत पावणेचौदा किलोंहून थोडें कमीच तेल मावतें. मौज अशी कीं, ८० तोळ्यांचा जुना शेर ९३३ ग्रॅमांचा. म्हणजे तेलाचा लिटर किलोपेक्षां त्या शेराच्याच अधिक जवळ!

आणखी एक गोष्ट. तेल तापलें कीं फुगतें; माप तेंच राहतें, पण त्यांतलें वजन घटतें. ६० अंशांवर तोच लिटर ८९३ ग्रॅमांच्या आंत येतो. कांहीं कारखानदार पिशवीवर मापाशेजारीं असें चढें तापमान छापीत. म्हणून २०२२ च्या ऑगस्टांत केंद्र सरकारनें सांगितलें कीं, तापमानाचा उल्लेख गाळून मापाबरोबर वजनही छापावें; त्यासाठीं १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली.

आतां आजीही नाहीं आणि तें दुकानही नाहीं. त्या दुकानदाराची क्षमा मागावयाची राहून गेली, ती आज येथें मागतों. आपणांस एवढीच विनंति कीं, पिशवीवरचे दोन्ही आंकडे वाचावे. दोन दुकानांचे भाव ताडतांना दोन्ही किलोंत घ्यावे, नाहीं तर दोन्ही लिटरांत. आणि मगच कोणास लबाड म्हणावयाचें तें म्हणावें.