केडगावची शाई

हळद शिजवायचे दिवस आहेत. जवळा बाजारात फिरून आलात, तो वास तुमच्या कपड्यांना आहे. मनात एक नवस आहे. आपलं माणूस दवाखान्यात आहे. ते बरं होऊन घरी आलं की औंढ्याला अभिषेक करीन, असं तुम्ही बोलून बसला आहात. हे कर, मग मी ते करीन. ही भाषा आपल्या हाडात मुरलेली. याच भाषेत वाढलेली एक मुलगी पुढे कुठवर गेली, ते बघायला चला.

डोळे उघडाल तेव्हा साल १९२१ आहे, महिना ऑगस्ट. जवळा बाजारावर अजून निजामाचा अंमल आहे. तुम्ही मात्र दौंडजवळ, केडगावला उतरला आहात.

मुक्ती मिशनच्या छापखान्यात शाईचा उग्र वास कोंदला आहे. बायका खिळे जुळवताहेत. अक्षर उलटं, ओळ उलटी, तरी बोटं अडखळत नाहीत. दुष्काळात रस्त्यावर आलेल्या शेकडो मुलींना या आवारानं भाकरी दिली, अक्षरं दिली.

आतल्या टेबलाशी पंडिता रमाबाई बसल्या आहेत. वय ६३. अंगावर पांढरं पातळ. सोळा वर्षांच्या असताना, १८७४ च्या सुमारास, उपाशी तीर्थं हिंडता हिंडता त्यांचे आईवडील गेले. उपास, दानं, अनुष्ठानं, सगळं करून झालं होतं. आणि आता २४ जुलैला मनोरमा गेली, एकुलती एक लेक. मुक्तीचा सगळा भार जिच्यावर सोपवायचा, तीच. वय ४०.

टेबलावर ग्रीक नवा करार आहे. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईलाही कळेल अशा मराठीत बायबल आणायचं काम त्यांनी वर्षानुवर्षं चालवलं आहे. तुम्हाला ग्रीक येत नाही. तरी मत्तयाच्या सहाव्या अध्यायात दहाव्या ओवीवर एक बोट ठेवा, सव्विसाव्यात बेचाळिसावीवर दुसरं. अक्षरांची तीच रांग दोन्हीकडे दिसेल. तुझ्या इच्छेप्रमाणे व्हावं, असा तिचा अर्थ. पहिल्या जागी येशू शिष्यांना प्रार्थना शिकवतो. दुसऱ्या जागी गेथशेमानेच्या बागेत, अटकेच्या रात्री, स्वतः तीच म्हणतो.

मला ही जागा सगळ्यात मोलाची वाटते, कारण तिथे तो आधी मागतो. हा प्याला टळू दे, अशी विनवणी करतो. तीनदा करतो. भीती लपवत नाही, देवापुढे शहाणपणाचा आव आणत नाही. मन पुरतं मोकळं झाल्यावर मगच मूठ उघडते. समर्पण म्हणतात ते हेच. मागणं गिळून टाकणाऱ्याला ते जमत नाही, असं मला वाटतं. जे मागितलंच नाही, ते सोपवणार कसं?

रमाबाई रडल्या असतील का? आई आहेत त्या. पण मुद्रित समोर आहे. एका अक्षरावरची मात्रा निसटली आहे. ती लावून त्या कागद पुढे करतात. दाराशी उभ्या असलेल्या मुलीची बोटं शाईनं काळी आहेत. पुढच्या एप्रिलच्या ५ तारखेला रमाबाई जातील, तोवर हे असंच चालणार.

तुम्ही तिथेच उभे आहात. दवाखान्यातल्या माणसाचं नाव ओठांवर येतं, वाचू दे म्हणून तुम्ही कळवळून मागता. पुढचं ‘मग मी’ मात्र जिभेवर येत नाही.