चवदार तळ्याचा दावा : रूढि आणि प्रमाण

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे चरित्रकार त्यांच्या वकिलीकडे बहुधा ओझरतें पाहून पुढें जातात. राजकारण, ग्रंथरचना, घटनेचा मसुदा आणि धर्मांतर यांच्या मानानें कोर्टांतील कामें गौण वाटावींत हें स्वाभाविकच आहे. परंतु जुन्या कागदांशीं ज्यांचा नित्य व्यवहार, त्यांच्या दृष्टीनें त्यांचा एक दावा स्वतंत्र अभ्यासास पात्र आहे. 'अमुक गोष्ट पूर्वापार चालत आली आहे' हें म्हणणें सिद्ध कशानें व्हावें, या एकाच प्रश्नावर त्याचा निकाल लागला.

लंडनच्या ग्रेज इनमधून १९२२ सालीं बॅरिस्टर होऊन डॉक्टरांनीं १९२३ च्या जुलैंत मुंबईस वकिली आरंभिली. अस्पृश्य गणलेल्या जातीच्या बॅरिस्टराकडे मोठीं कामें सहसा येत नसत. तथापि १९२६ सालीं 'देशाचे दुश्मन' या पुस्तकाच्या बेअब्रूच्या खटल्यांत शिक्षा झालेले केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर प्रभृति मंडळी त्यांच्या युक्तिवादानें पुणें येथील अपिलांत सुटली. पुढें १९३४ सालीं 'समाजस्वास्थ्य' मासिकाचे संपादक र. धों. कर्वे यांच्यावरील अश्लीलतेच्या खटल्यांत ते उभे राहिले. तेथें यश आलें नाहीं. अशिलाची जात पाहून काम घेण्याची त्यांची रीति नव्हती, हें या दोहोंवरून दिसतें.

आतां महाड. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांस खुल्या असाव्यात, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेकौन्सिलांत ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मंजूर झाला. त्यास अनुसरून महाडच्या म्युनिसिपालिटीनें १९२४ सालीं चवदार तळें सर्वांस खुलें केलें. तें खुलेपण कागदावरच राहिलें. २० मार्च १९२७ रोजीं डॉक्टरांनीं परिषदेच्या समुदायासह जाऊन तळ्याचें पाणी प्राशन केलें, तेव्हां मारहाण झाली आणि मागाहून पंचगव्य मिसळलेल्या १०८ घागरी ओतून तळ्याची शुद्धि करण्यांत आली. म्युनिसिपालिटीनें आपला ठराव परत घेतला तो ४ ऑगस्ट १९२७ रोजीं, म्हणजे बोले यांच्या ठरावास बरोबर चार वर्षें झालीं त्याच दिवशीं. तारखांचा असा योग दप्तरांत क्वचित् आढळतो.

डिसेंबरांत पुन्हा परिषद भरावयाची होती. ती भरण्यापूर्वींच, १२ डिसेंबर रोजीं, महाडच्या कांहीं स्पृश्य गृहस्थांनीं दिवाणी दावा लावला आणि १४ तारखेस तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. प्रतिवादींत डॉक्टरांचें नांव पहिलें होतें. २५ डिसेंबर रोजीं परिषदेंत मनुस्मृतीचें दहन झालें, याची चर्चा आजवर पुष्कळ झाली आहे. आमच्या मतें त्याहून विचार करण्याजोगी गोष्ट दोन दिवसांनीं घडली. हजारों माणसें तळ्यावर जाण्याच्या निर्धारानें जमलीं असतां, कोर्टाचा हुकूम आहे म्हणून सत्याग्रह तहकूब करण्यांत आला. ग्रंथ जाळणारी परिषद कोर्टाचा कागद मोडीना! यांत वकिलाचा पिंड दिसतो. समुदायाची निराशा पत्करून त्यांनीं वाद प्रमाणांच्या भूमीवर नेला. २३ फेब्रुवारी १९२८ रोजीं मनाईहुकूम उठला. मूळ दावा मात्र चालूच राहिला.

वादींनीं प्रथम तळ्यावर मालकी सांगितली होती. पुढें ती सोडून, तळें म्युनिसिपालिटीकडे असल्याचें त्यांनीं मान्य केलें, आणि अस्पृश्य वगळून इतरांसह वापरण्याचा अनादि रूढीनें आलेला हक्क तेवढा धरून ठेवला. महाडच्या न्यायाधीशांनीं ८ जून १९३१ रोजीं दावा काढून टाकला. अस्पृश्यांस दूर ठेवण्याची वहिवाट दीर्घ काळाची आहे, परंतु तेवढ्यानें वादींस कायदेशीर हक्क उत्पन्न होत नाहीं, असें त्यांनीं ठरविलें. ठाण्याचें अपील १९३३ च्या जानेवारींत फेटाळलें गेलें. अखेर १७ मार्च १९३७ रोजीं हायकोर्टांत न्यायमूर्ति ब्रूमफील्ड व वाडिया यांनीं तोच निकाल कायम केला. पाणी प्राशन केल्याच्या दिवसापासून दहा वर्षें पुरीं होण्यास तीन दिवस उणे होते. (१९२२ सालीं अहमदाबादेस महात्मा गांधींस शिक्षा सांगणारे ब्रूमफील्ड ते हेच.)

हायकोर्टाच्या निकालाचें मर्म इतिहाससंशोधकांस विशेष रुचेल. तळें विस्तीर्ण, चार-पांच एकरांचें. भोंवतीं स्पृश्यांचीं घरें उभीं राहण्यापूर्वीं तें पाणी कोणी एका वर्गापुरतें राखून ठेवलें असेल काय, अशी शंका न्यायमूर्तींनीं घेतली. हयात माणसांच्या स्मरणापुरता पुरावा होता, त्यापलीकडे नव्हता. अनादित्व सांगणाऱ्यांस तें सिद्ध करतां आलें नाहीं.

ही कसोटी केवळ इंग्रजी, असें कोणी समजूं नये. याज्ञवल्क्यानें व्यवहाराध्यायांत लिखित, भुक्ति व साक्षी अशीं तीन प्रमाणें सांगितलीं असून, वंशपरंपरेनें आलेला भोग वगळतां नुसत्या भोगाहून आगम बलवत्तर मानिला आहे. विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत स्मार्त व अस्मार्त काल असा भेद केला. स्मरणाच्या मर्यादेंतील भोगास आगमाचा आधार हवा. नुसती भुक्ति चालेल ती त्या मर्यादेपलीकडची. महाडच्या वादींपाशीं आगम नव्हता आणि त्यांची भुक्ति स्मार्त कालांतली होती. धर्मशास्त्राच्या नांवानें तळें अडविणारांचा पक्ष धर्मशास्त्राच्याच व्यवहारकांडापुढें टिकला नसता, हें आम्हां संस्कृतज्ञांनीं त्या वेळीं उघड सांगावयास हवें होतें.

एक प्रश्न हायकोर्टानें निर्णयावांचून सोडला. अशी रूढि सिद्ध झाली असती तरी ती न्याय्य व लोकहितास धरून मानावी काय, याचा विचार त्यांस आवश्यक वाटला नाहीं. त्याचें उत्तर २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आलेल्या घटनेच्या १७ व्या कलमानें दिलें. त्या घटनेच्या मसुदासमितीचे अध्यक्ष महाडच्या दाव्यांतील प्रतिवादीच होते.

कोंकणांतील तळीं, विहिरी व पाणवठे यांच्या वहिवाटीचे तंटे, करीने, गांवकीचे निवाडे असे कागद अनेक संग्राहकांच्या रुमालांत पडून असतील. राजकारणाचे नव्हेत म्हणून ते बहुधा बाजूस ठेवले जातात. त्यांची निदान यादी करून मंडळाकडे धाडावी, अशी विनंति आहे.